देवाला करमतं का

"देवाला एकटं वाटतं म्हणणं म्हणजे समुद्राला तहान लागते म्हणणं," जेबामणी टीचर तमिळमध्ये म्हणाल्या आणि तांबरमच्या त्या लहानशा चर्चमध्ये टाळ्या पडल्या. "पिता, पुत्र, पवित्र आत्मा. तिघं असताना एकटं कोण पडेल?"

दर नाताळाआधी तिथे पट्टिमन्रम, म्हणजे जाहीर वादविवाद, व्हायचा. दोन बाजू, मधे निवाडा देणारे अरुळदास सर, त्यांच्यापुढे घंटा. २००३ सालचा विषय होता, देवाला एकटेपण जाणवतं का? 'नाही'च्या बाजूने शेवटी बोलायचं होतं विद्युलताबाईंना. मूळच्या नगरच्या, रेल्वेच्या दवाखान्यात नर्स. सरांनी त्यांना मुद्दाम त्या बाजूला घातलं होतं. "नवरा गेल्यापासून एकट्या राहतात, कधी तक्रार नाही. याहून मोठी साक्ष कुठली?"

चूक बाईंचीच होती. मकरंदराव गेले तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी न रडता फिल्टर कॉफी करून दिली. त्या दिवसापासून त्या धीराच्या ठरल्या, आणि धीराच्या माणसाकडे पुन्हा कोण जातं? ड्यूटीवरून आल्या की त्या टीव्ही लावत. तमिळ बातम्या निम्म्याच कळायच्या, पण घरात कुणीतरी बोलत असायचं.

"माझ्याकडं बघून बोलू नका अक्का, मला हसू येतंय," शेजारच्या सकवारबाई पहिल्या बाकावरून मराठीत कुजबुजल्या. त्या तंजावरच्या मराठी, हिंदू. केवळ मैत्रिणीसाठी आलेल्या.

विद्युलताबाई उठल्या. भाषण पाठ होतं. "देव परिपूर्ण आहे," इथवर ठीक गेलं. मग त्या थांबल्या.

"सर, मला पुढचं बोलवत नाही. मला समोरच्या बाजूला जायचंय."

"पक्ष बदलायला ही काय असेंब्ली आहे, अम्मा?" सर म्हणाले. सगळे हसले.

"मग इथूनच बोलते." त्यांची तमिळ अडखळत होती, आवाज नाही. "तिघं आहेत हे खरं. नगरला माझ्या सासरीही घर भरून माणसं आहेत. म्हणून मला करमतं का? जो नाही, त्याचीच आठवण येते. आदाम झाडाआड लपला तेव्हा देवाने विचारलं, तू कुठे आहेस? त्याला काय ठाऊक नव्हतं? मीसुद्धा रोज कुलूप काढून आत विचारते, आलात का. मला ठाऊक नाही का?"

"गरज लागली तर तो देव कसला, अक्का?" जेबामणी टीचर बसल्या जागेवरून म्हणाल्या.

"गरज कुठे म्हणते मी? मला पगार आहे, हातपाय धड आहेत. गरज नसतानाही वाट बघतो ना माणूस? माया म्हणजे आणखी काय असतं? ज्या रात्री धरून नेलं, त्या रात्री प्रभूने शिष्यांकडे काय मागितलं? घटकाभर माझ्याबरोबर जागे राहा, एवढंच. तेही झोपले." त्यांनी पदराने ओठ टिपले. "त्याला मागायची लाज वाटली नाही, मग मी का लाजू? मला एकटं वाटतं. फार वाटतं. तुम्ही येत जा माझ्याकडे."

सरांचा हात घंटेवर तसाच राहिला. मग मागच्या बाकांवरून टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात.

"निकाल," सर घंटा वाजवून म्हणाले. "'हो'ची बाजू जिंकली. जिंकून दिली 'नाही'वाल्यांनी."

"शाब्बास," सकवारबाई म्हणाल्या. "तमिळ मात्र भयंकर."

बाहेर चपला शोधताना जेबामणी टीचरनी त्यांचं मनगट धरलं. "मला अजून पटलेलं नाही, अक्का. आपण भांडणार आहोत. आज आले तर चालेल?"

"घर आवरलेलं नाही."

"मग आम्हीही येतो आवरायला," मागून एक बाई म्हणाल्या.

निघता निघता बायकांचा घोळकाच झाला. सगळ्यांत पुढे विद्युलताबाई, रस्त्याच्या अगदी मधून. मागून बसवाला हॉर्न वाजवत राहिला. त्या बाजूला झाल्या नाहीत.