अण्णांची खारी टाकी

आमच्या मासे पाळणाऱ्यांच्या मंडळाचे दोन तुकडे झाले ते दाताच्या डॉक्टरांच्या तोंडामुळे. "गप्पी पाळणाऱ्यांना प्रवाळातलं काय कळणार?" असं ते भर बैठकीत बोलले आणि गोड्या पाण्याची सगळी मंडळी खवळली. तिथल्या तिथे मतं घेतली, गोडे वेगळे आणि खारे वेगळे झाले. विरोधात हात वर गेले ते दोघांचेच, माझा आणि अण्णांचा.

अण्णा माझे सासरे. जन्मभर बस चालवली, आता निवृत्त. माझा नवरा गेल्यापासून आमच्या दोघांत हे मंडळच काय ते उरलं होतं. त्यांच्या घरी गेलं की समोर त्याचा फोटो, आणि मग दोघांच्याही तोंडून शब्द फुटायचा नाही. चहा तसाच निवायचा. बैठकीत मात्र शेजारीशेजारी बसून आम्ही मनसोक्त भांडायचो.

"तुझे मासे म्हणजे नुसते नखरे, सूनबाई."

"आणि तुमचे? नुसते खादाड!"

एवढ्यावर माझा महिना निघायचा. मला त्यांची फार गरज होती, पण तसं तोंडाने सांगायला जीभ रेटायची नाही.

खाऱ्यांनी नियम केला की घरात समुद्री टाकी असेल तोच सभासद. माझी टाकी खारी, अण्णांच्या सगळ्या गोड्या. पहिल्या बैठकीला मी एकटीच गेले. डॉक्टर पंपांवर बोलत सुटले होते. त्यांच्याच पकडीने त्यांची जीभ उपटावी असं मला वाटत होतं.

मग एका दुपारी अण्णांचा फोन आला. "जरा येतेस का गं? घोटाळा झालाय."

त्यांच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर, एक लहानशी नवी टाकी होती. तळाला वाळू, एक दगड, आणि त्याच्या कडेला आडवा पडलेला नारिंगी मासा.

"तुला सांगणार नव्हतो," अण्णा म्हणाले. "पुढच्या बैठकीला एकदम तुझ्या शेजारी येऊन बसणार होतो. त्या डॉक्टरला म्हणणार होतो, घ्या, झालो मीही खारा!"

मला हसू आलं आणि हसताहसताच रडू फुटलं. टाकीच्या काठावर मिठाचा पांढरा थर चढला होता. मी मीठ मोजायचं यंत्र पाण्यात बुडवलं. काटा पार टोकाला जाऊन टेकला.

"पाणी आटलं की काय करत होतात?"

"भर घालत होतो की. रोज सकाळी, मीठ मोजून, नीट ढवळून. एक दिवस कंटाळा केला नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माझं काही चुकलं का?"

मी एरवी फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे. पण त्यांचा चेहरा बघून म्हणाले, "नाही हो. मासाच आजारी असणार."

"असं होय!" त्यांच्या जिवात जीव आला. "मग दुसरा आणतो. त्यालाही अस्साच जपतो."

आता सांगणं भाग होतं. मी त्यांचा हात धरला. "अण्णा, पाणी आटतं, पण मीठ आटत नाही. ते टाकीतच राहतं. वरून भर घालायची ती गोड्या पाण्याची."

त्यांनी काठावरचा मिठाचा थर बोटाने खरवडून पाहिला. बाहेरच्या खोलीत त्यांच्या जुन्या टाक्यांचे पंप चालू होते.

"गोडं हवं होतं त्याला?" ते म्हणाले. "अगं, ते तर माझ्याकडे घरभर होतं."

आणि मुलगा गेला तेव्हाही माझ्यासमोर न रडलेले अण्णा ओट्याला धरून हमसून हमसून रडायला लागले.