झाकण नसलेला नकल्या

मी एक जुना नकल्या आहे, मित्रांनो. हे नाव मला आमच्या प्रयोगशाळेच्या बाईंनी दिलं. दिसायला मी पाव भाजायच्या यंत्राएवढा. वर धातूची पाटी, तिच्यात करंगळीचं टोक मावेल अशी बारकी घरं, आणि त्यांवर एक जड झाकण. घरांत इवल्याशा नळ्या ठेवायच्या, नळीत एखाद्या जिवाच्या जनुकाचा थेंब. जनुक म्हणजे शरीर कसं घडवायचं याची बारीकशी सूचना. मी तापायचो, निवायचो, पुन्हा तापायचो, आणि त्या एका सूचनेच्या ढीगभर नकला व्हायच्या. माझं झाकणही चटका बसेल इतकं तापायचं, म्हणजे थेंबाची वाफ वर जाऊन बसायची नाही.

आम्ही दोघे होतो. हुबेहूब सारखे, एकाच गाडीतून आलेले. त्याचं खोकं आधी फोडलं म्हणून तो थोरला आणि मी धाकटा.

*

मी एक जुना, जादा नकल्या आहे, मित्रांनो. (नक्कल करताना कुठेतरी फरक पडतोच. सांभाळून घ्या.)

काम एकालाच पुरेल एवढं होतं. सुरुवातीची काही वर्षं आम्ही ते वाटून घेतलं, मग मला वरच्या फळीवर ठेवलं. तिथून बाईंचं टेबल दिसायचं. नवीन मुलं आली की बाई त्यांना आपण अभ्यासत असलेल्या माशाची गोष्ट सांगायच्या. हा मासा दोरीसारखा लांब. त्याला जबडा नाही, नुसतं गोल तोंड. फार फार पूर्वी, समुद्रात, कणा असलेल्या प्राण्यांच्या पूर्वजांत सूचनांचा अख्खा संच दुप्पट झाला. पुढे बहुधा पुन्हा एकदा. जणू अचानक घरात प्रत्येक वस्तू जादाची झाली. बहुतेक जादा नकला अक्षराअक्षराने बिघडत गेल्या आणि गप्प झाल्या. पण मूळ सूचना काम सांभाळत होती, म्हणून जादा नकलेला भलतंच काही करून बघायची मुभा होती. काहींनी केलं. तुम्हाला अंधूक उजेडात दिसतं आणि रंगही दिसतात, ते एकाच जुन्या सूचनेच्या वेगळ्या झालेल्या नकलांमुळे. बाई म्हणायच्या, माशापासून माणसापर्यंत जे घडलं त्यात या जादा नकलांचा मोठा हात आहे.

हे ऐकताना मुलं वहीत बघत. मी ऐकत असे.

बाईंच्या माशातही एका सूचनेच्या नकलांची अशी जोडी होती. एक नक्कल काम करायची, दुसरीला सगळे मेलेली म्हणत. बाईंना ते पटत नव्हतं. ती गप्प नाही, आपण चुकीच्या वेळी कान लावतोय, असं त्यांचं म्हणणं. ऐकायचं तर अंड्यात वाढणाऱ्या जिवात ऐकायला हवं. पण हा मासा आयुष्यात एकदाच अंडी घालतो आणि मरतो. मोसम वर्षातून एकदा. आणि हे बाईंच्या नोकरीचं शेवटचं वर्ष.

*

मी एक जुना, जादा, उघडा नकल्या आहे.

थोरल्याचं झाकण बिघडलं. दुरुस्तीवाल्या काकांनी फळीकडे पाहिलं आणि म्हणाले, हा धाकटा नुसता जागा अडवून बसलाय, निदान अंगावरचं देऊ दे. बाई म्हणाल्या, असू दे हो, घरात एखादा जादाचा असावा. पण झाकण गेलंच. काकांनी सुटलेल्या तारा बांधून टाकल्या आणि मला पुन्हा वर ठेवलं.

तेव्हापासून थोरल्याचं झाकण मिटलं की खट् असा आवाज येई. तो माझा आवाज होता. तो मी फळीवरून ऐकत असे.

*

मी एक जुना

मित्रांनो, त्या दुपारी मात्र वाक्य पूर्ण करायला सवड नव्हती. यंदाच्या मोसमातली अंडी ठेवलेलं गार कपाट बंद पडलं होतं. बाईंच्या हाताखालची मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणत, तिने दार उघडलं तर आतून कोमट हवा आली. अंड्यांना अठरा अंश लागतात. काकांना फोन केला. ते म्हणाले, उद्याच्या आत जमणार नाही. बर्फ लावला की पाणी फार गार, काढला की फार गरम. चिमणीने थोरल्याचं नाव काढलं, तो हवा तो अंश धरून ठेवतो म्हणून.

"त्याचं झाकण तापतं गं," बाई म्हणाल्या. "उकडून निघतील."

चिमणीने वर फळीकडे पाहिलं.

"बाई, धाकट्याला झाकण नाही."

बाईंनी स्टूल ओढलं, मला खाली घेतलं, बाहीनेच धूळ पुसली. एकेका घरात एकेक अंडं, वर पाण्याचे थेंब, आणि आकडा अठरावर.

मी जन्मभर तापलो होतो आणि निवलो होतो. एका जागी थांबणं मला नवीन होतं. मी थांबलो. काही अंडी गेली. उरलेल्यांत हळूहळू स्वल्पविरामासारखे वाकडे जीव हलू लागले.

मग एका सकाळी, ती नक्कल चालू असेल तिथेच चढणारा रंग एका जिवाला लावून, बाई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. चिमणीने विचारलं, काय झालं.

"आहे गं ती दुसरी नक्कल," बाई म्हणाल्या. "तोंडाच्या कडेला. काम करतेय."

त्यांनी चिमणीला सूक्ष्मदर्शकापाशी ओढलं.

*

मी एक जुना नकल्या होतो, मित्रांनो. आता जे करतो त्याचं नाव मला अजून कुणी दिलेलं नाही. पिल्लं मोठ्या टाकीत गेली, बाई घरी गेल्या, चिमणी थोरल्याला घेऊन दुसऱ्या इमारतीत गेली. मला बंद करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. बाई जाताना माझ्यावर हात ठेवून उभ्या होत्या. कदाचित त्यांनीच मुद्दाम बंद केलं नसेल.

तुमच्या घरीदेखील माळ्यावर, कोपऱ्यात काहीतरी जादाचं पडलेलं असेल. एखादं माणूससुद्धा असेल. त्याच्याकडून काढून घ्यायचं ते बहुतेक काढून झालं असेल. त्याला टाकण्याआधी एकदा धूळ पुसा. जे गेलंय त्याच्यामुळे आता काय जमतं, ते बघा.

मी अजून अठरावर आहे. घरं रिकामी आहेत.