ओटीपी माझ्या फोनवर

नारायणगुड्याच्या शाळेत मी एकतीस वर्षं गणित शिकवलं, आणि स्वतःच्या पेन्शनचा आकडा मात्र मुलाला फोन करून विचारायचा! आमचे हे वारल्यावर रितेशने माझ्या तिन्ही खात्यांना त्याचा मोबाइल नंबर लावून टाकला होता. काळजीपोटीच, पण मला ते सलत होतं. माझा पैसा मला माझ्या डोळ्यांनी बघायचा होता.

म्हणून लॅपटॉपवर खर्चाची शीट तयार केली आणि बँकेतले व्यवहार तिच्यात आपोआप उतरवणारं ॲप शोधायला बसले. पहिल्याने सरळ नेटबँकिंगचा पासवर्ड मागितला. वा रे शहाण्या, घराची किल्लीच दे म्हणतोस! तिथल्या तिथे काढून टाकलं. दुसऱ्याचं नाव रिझर्व्ह बँकेने परवाना दिलेल्यांच्या यादीत सापडलं. त्याला पासवर्ड नको, फक्त संमती हवी होती. व्यवहार बघायचे, पैशाला हात लावायचा नाही, मुदत सहा महिने, मनात येईल तेव्हा रद्द. पेपर तपासावा तशी ओळ न् ओळ वाचून मी होकार दिला.

ओटीपी गेला रितेशकडे. लगेच त्याचा फोन.

"आई, काय चालवलंयस? कुणीतरी फसवतंय तुला. मी आहे ना बघायला!"

"तू आहेस रे. पण मीही आहे ना अजून?"

असा संताप आला की चहा तसाच टाकून रिक्षाने आबिड्सची शाखा गाठली. काउंटरवरचे साहेब फॉर्म बघून म्हणाले, "अम्मा, बेटे का नंबर हैच ना, कायकू बदलते?"

"खाता मेरा है तो नंबर बी मेराच रहना."

साहेब हसले आणि शिक्का मारला. उरलेल्या दोन बँकांतही तेच केलं.

चार दिवसांनी पुन्हा होकार दिला, आणि या वेळी माझा फोन वाजला. सहा आकडे! चष्मा सावरून टाकले. तिन्ही खाती जोडली गेली आणि शीटमध्ये ओळी भराभर उतरू लागल्या: पेन्शन, वीजबिल, औषधं, व्याज. घरात एकटी असून मी "झालं!" म्हणून ओरडले. निवृत्तीनंतर इतका आनंद झाला नव्हता.

संध्याकाळी सिकंदराबादहून रितेश तणतणत आला. पंधरा मिनिटं संमतीची अट न् अट तपासली. चूक सापडेना. मग हळूच म्हणाला, "आई, माझी चार खाती आहेत. कुठे किती आहे, मलाच कळत नाही. मलाही करून देशील?"

"करून नाही देणार, शिकवीन. बस इथे. आणि ओटीपी आला की मला सांगू नकोस, स्वतः टाक."