निळ्या पट्टीचं घर

घर विकलं गेलं होतं आणि जूनअखेरीला किल्ल्या द्यायच्या होत्या. त्यापुढचं आयुष्य ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायच्या फिरत्या घरात काढायचं हे ठरलं होतं. कोणता ट्रेलर, एवढ्याच एका प्रश्नावर प्रुइट नवराबायको तीन आठवडे अडून बसली होती.

वेंडेलने आयडाहोतल्या बर्ली गावच्या साखर कारखान्यात एकतीस वर्षं काढली, लॉर्नाने शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस. ट्रेलर घ्यायचा तो टॉय हॉलरच, म्हणजे पुढे राहायचं घर आणि मागे गाडी ठेवायला गॅरेज, इथपर्यंत दोघांचं एकमत होतं. ट्रेलर विकणाऱ्या गार्झाच्या आवारात तसे दोन उभे होते. बाहेरून दोन्ही सारखेच लांब. एकात गॅरेज आठ फुटांचं आणि स्वयंपाकघर ऐसपैस, सिंकवर खिडकी. दुसऱ्यात गॅरेज बारा फुटांचं आणि स्वयंपाकघर म्हणजे नावालाच. वेंडेलची लाल मोटारसायकल, बाजूला जोडलेल्या बसायच्या डब्यासकट, म्हणजे साइडकारसकट, फक्त बारा फुटांतच मावत होती.

"आठवाला घेऊ," वेंडेल म्हणाला. "गाडी कर्टला देऊन टाकतो. पुतण्या आहे, सांभाळेल. चार वर्षं हात लावलाय का मी तिला?"

हे त्याने इतक्या सहज म्हटलं की लॉर्नाला तिथेच संशय आला. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात वेंडेल सहज असा कधी बोललाच नव्हता. साधा सॉस हवा असला तरी घसा खाकरून मागायचा. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्याचा पाय सीटवरून पलीकडे जात नव्हता. हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही त्यावर अवाक्षर काढत नव्हती.

त्यांच्याकडे ट्रेलर घेण्याआधी लोक करतात तसं तिने केलं. घरासमोरच्या फरशीवर निळ्या चिकटपट्टीने आठ फुटी गॅरेजच्या ट्रेलरचा नकाशा जसाच्या तसा आखला. इथे पलंग, इथे चूल, इथे न्हाणी. दोन खुर्च्या आणि एक टेबल आणून मांडलं आणि रोज संध्याकाळचं जेवण त्या रेघांच्या आत सुरू केलं.

शेजारची बर्निस हकलबेरीची फळं भरून भाजलेला गोड पदार्थ घेऊन थेट पट्टी ओलांडून आली.

"अगं, भिंतीतून काय येतेस! दार तिकडे आहे!" लॉर्ना ओरडली.

"बाई, माझ्या घराला खऱ्या भिंती आहेत. तुमच्यासारखं निवृत्त होऊन वेड लागायला मला अजून दोन वर्षं आहेत," बर्निस म्हणाली, पण गुपचूप वळसा घालून दारातून आली.

लॉर्नाला त्या घरात पहिल्या दिवसापासून करमलं. पण तिसऱ्या संध्याकाळी तिच्या लक्षात आलं, की वेंडेल जेवण झालं की आपली खुर्ची उचलतो आणि मागच्या पट्टीच्या बाहेर, बरोबर चार फुटांवर जाऊन बसतो. आठ फुटांचं गॅरेज जिथे संपत होतं, त्याच्याही पलीकडे. तिथून उघड्या शेडमधली लाल गाडी दिसायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघे टेकून तिने गॅरेज आणि स्वयंपाकघर यांमधली पट्टी उचकटली आणि चार फूट पुढे सरकवून चिकटवली. मागची पट्टी तशीच राहिली. गॅरेज बारा फुटांचं झालं आणि घर आतल्या आत आक्रसलं.

वेंडेल कॉफी घेऊन बाहेर आला आणि बघतच राहिला. "तुझं टेबल गेलं की!"

"मांडीवर ताट घेऊन जेवू."

"आणि खिडकी?"

"आख्खं आयडाहो बाहेर पडलंय, खिडकी कशाला? तू कॉफी पी."

शनिवारी गाडी बर्निसच्या मुलाच्या छोट्या ट्रकवर चढवून ती दोघं गार्झाकडे गेली. राऊल गार्झा सत्तरीचा, बोलायला गोड आणि नियमाचा पक्का. "आधी तुमचं खेळणं आत चढवा, मग सौदा. कागदावर माप सगळ्यांचं बसतं हो," असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा.

बारा फुटी गॅरेजचं मागचं दार उतारासारखं खाली टेकवलं. वेंडेलने पाय उचलला. अर्ध्यावर थांबला. पुन्हा उचलला. मग काहीच घडलं नाही अशा थाटात गाडीशेजारी उभा राहून, गाडी सुरू करून तो चालत वर निघाला. साइडकारची गाडी रेस दिली की उजवीकडे ओढते, सीटवर बसून अंगाने सावरावी लागते. ती तिरकी झाली आणि मध्येच बंद पडली. गार्झाने धावत येऊन धरली म्हणून बरं, दोघांनी मिळून ती खाली घेतली.

"विंच बसवून देतो, मिस्टर प्रुइट. बटण दाबलं की तारेने ओढून आत नेईल."

"मेलेल्या गाईला ओढतात तसं?" वेंडेलचे कान लाल झाले होते. "नको. लॉर्ना, आठवाला घेऊ. संपलं आता हे."

ते 'संपलं' लॉर्नाने ऐकलं. गाडी गेली असती तर तिला चाललं असतं. पण हा माणूस गाडीबरोबर स्वतःलाही कर्टकडे देऊन टाकणार, हे तिला लख्ख दिसलं.

तिने पर्स गार्झाच्या हातात दिली. "धरा जरा. वेंडेल, साइडकारमध्ये बैस."

"काय?"

"वायोमिंगमध्ये बसला होतास तसा."

वेंडेल दचकला. एकोणीसशे त्र्याऐंशी साली, तिथल्या लँडर गावाच्या अलीकडे खडीवर घसरून त्याचं मनगट मोडलं होतं. साठ मैल गाडी लॉर्नाने चालवली होती. पहिले दहा मैल रडत आणि पुढचे पन्नास गात. 'तुझ्या भावांना सांगू नकोस हं,' असं तो दवाखान्याच्या दारात म्हणाला, आणि तिने चाळीस वर्षं कुणाला सांगितलं नाही.

"परक्या माणसासमोर बोललीस," तो पुटपुटला.

"बसतोस की अजून सांगू? गाणं कुठलं म्हणत होते तेही सांगेन."

तो बसला. गार्झाने त्याचा पाय धरून आत सारला. लॉर्नाने सीटवर टांग टाकली, पहिला गियर घातला, अंग डावीकडे झुकवलं आणि रेस दिली. गाडी एका दमात वर गेली आणि बारा फुटांत नीट बसली. पुढे वीतभर जागा उरली.

इंजिन बंद झालं. वेंडेल खालीच बसून होता, गुडघे छातीशी घेऊन.

"लॉर्ना, इथून काहीच दिसत नाही गं. रस्त्याच्या कडेचा गवतकचरा आणि लोकांचे गुडघे दिसत असतील, बस्स. इतकी वर्षं तू हेच बघत होतीस?"

"मान वर केली की तू दिसायचास."

वेंडेलने मान वर करून तिच्याकडे बघितलं. मग त्याने घसा खाकरला.

"मोटारसायकलच्या परवान्याची परीक्षा द्यावी लागेल तुला."

"देईन."

"मिस्टर गार्झा," वेंडेलने हाक मारली, "हाच घेतो. आता मला इथून बाहेर काढा, नाहीतर असाच घरी पोचवा."