दाराबाहेरची सरुबाई

फरशी केव्हाच वाळली होती, तरी सरुबाई त्याच दारासमोर पोछा फिरवत होती. आत स्नेहल होती आणि तळेगावहून येणाऱ्या समुपदेशक इरावतीताई होत्या. आतून आवाज येत नव्हता, आणि नेमकं तेच सरुबाईला खटकत होतं. दहा वर्षांची पोर दार लावून एवढा वेळ बोलते तरी काय?

तुंगार्लीतल्या मुलींच्या या बालगृहात सरुबाई काळजीवाहक होती. नवरा गेल्यावर कुरवंड्याहून आली, ती इथलीच झाली. कुणाच्या डोक्यात उवा झाल्यात, कुणाला अंधाराची भीती वाटते, कोण ताटातली भाजी शेजारणीच्या ताटात सरकवते, सगळं तिला ठाऊक. स्नेहल तर तिची सावलीच होती. आई वारल्यावर बेडश्याला मामाकडे राहणारी ही पोर एके दिवशी लोणावळा स्टेशनवर एकटीच सापडली. घरातून का निघालीस, या प्रश्नावर तिने तोंड उघडलं नाही. मामा धावत आला, सगळ्यांसमोर रडला, पोर जरा हूड आहे म्हणाला. सगळ्यांना ते पटलं. स्नेहल मात्र परत जायला तयार होईना, म्हणून बालकल्याण समितीने तिला इथेच ठेवलं. पहिले काही महिने ती सरुबाईच्या पदराचं टोक मुठीत धरूनच झोपायची.

इरावतीताई समुपदेशनाला येऊ लागल्या आणि हे सगळं बदललं. एका सकाळी सरुबाई तेलाची वाटी घेऊन बसली, तर स्नेहल चार हात लांब उभी राहिली.

"नको मावशी. माजी मी घालते वेणी."

"का गं? माजा हात लागतो का तुला?"

"नको म्हनले ना."

सरुबाईच्या मनात तेव्हापासून शंकेची पाल चुकचुकत होती. ती अधीक्षिका पद्मजामॅडमकडे गेली. "त्या बाई पोरीला फितवत्यात, मॅडम. आधी अशी न्हवती ती." मॅडमनी मान वर न करता सांगितलं, "त्यांना त्यांचं काम करू द्या."

त्यात एकदा इरावतीताईंनीच तिला गाठलं. हसून, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सरुमावशी, स्नेहलच्या अंघोळीला कोण असतं? झोपताना तिच्याजवळ कोण असतं?"

सरुबाईला प्रश्नाचा रोख कळला. ही बाई आपल्यावरच संशय घेते आहे. एवढी वर्षं पोरींचं हगणंमुतणं काढलं, त्याचं हे फळ. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

रविवारी स्नेहलचा मामा, सीताराम, भुईमुगाच्या शेंगा घेऊन आला. व्हरांड्यातल्या बाकावर अदबीने बसला. दिवाळीला भाचीला घरी न्यायचा अर्ज त्याने दिला होता. सरुबाईला हा माणूस पहिल्यापासून आवडायचा. मावशी, मावशी करून बोलायचा. मागच्या खेपेला बोलण्याच्या ओघात तिनेच त्याला नव्या ताईंबद्दल सांगितलं होतं. आताही तिने चहा ठेवला आणि ती स्नेहलला आणायला आत गेली.

"मी न्हाई येनार," स्नेहल म्हणाली.

"अगं, लांबून आलाय त्यो. चल." सरुबाईने तिचा दंड धरला.

"हात सोड, मावशी. मला नको."

आवाजात ना रडं होतं ना राग. भात नको म्हणावं तसं म्हणाली. हीच ती शिकवण, असं मनात म्हणत सरुबाईने हात सोडला आणि तणतणत व्हरांड्यात आली.

"येत न्हाई म्हनती. डोक्यात काय भरवलंय कुनास ठावं."

सीताराम रागावला नाही. जरा पुढे सरकला. "त्या बाई काय काय इचारत्यात तिला? माजं नाव निगतं का?"

सरुबाईचा कप देणारा हात थबकला. पोर का येत नाही, हे त्याने विचारलं नव्हतं. बरी आहे का, जेवते का, तेही नाही.

"तुमी तर दिसभर हितंच असता, मावशी," तो आवाज खाली आणून म्हणाला. "दाराशी जरा कान ठिवा. काय ऐकाय आलं तर फोन करा मला. तुमचं उपकार ठिवनार न्हाई."

ज्या दाराशी हा आपल्याला उभं राहायला सांगतो आहे, तिथे आपण कुणी न सांगताच उभ्या राहत होतो.

"चित्रं काढाय लावत्यात," ती म्हणाली. "दुसरं काय न्हाई."

तो निघून गेला. फाटकाची कडी तिने स्वतः लावली आणि मग ती ओढून पाहिली.

इरावतीताई आल्या तेव्हा सरुबाईने त्यांना सगळं सांगितलं. तुमच्याबद्दल त्याला मीच बोलले होते, हेही सांगितलं. ताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मी तुमच्याबद्दलही चौकशी केली होती, मावशी. मला सगळ्यांची करावी लागते."

"कराय पायजेच," सरुबाई म्हणाली. मग तिने विचारलं, "त्यानं काय केलं वो पोरीला?"

"ते स्नेहलचं आहे. तिला वाटलं तर ती सांगेल." "नको म्हणायची सवय करतोय आम्ही. सुरुवात कुणापासून करायची ते तिनेच ठरवलं. म्हणाली, सरुमावशीपासून. ती मारणार नाही."

सरुबाईने पदर तोंडाला लावला.

पुढे स्नेहल समितीसमोर बोलली. सीतारामचा अर्ज फेटाळला गेला, त्याच्या भेटी बंद झाल्या, आणि एक दिवस साध्या कपड्यातले पोलीस बेडश्याला गेले. सरुबाईला याहून जास्त कुणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. स्नेहल काही पुन्हा तिच्या कुशीत शिरली नाही. रात्री आपली चादर घेऊन ती खिडकीजवळ झोपायची.

दिवाळीला सरुबाई कुरवंड्याला गेली नाही. अंगणात पोरींनी किल्ला करायला घेतला होता. कोपरांपर्यंत चिखलाने माखलेली स्नेहल बुरूज लिंपत होती. सरुबाई पायरीवर बसून बघत होती.

"मावशी, पानी वत जरा."

सरुबाई तांब्या घेऊन गेली. पोरीने बोट दाखवलं तिथे बारीक धार धरली.

"बास."

सरुबाईने तांब्या सरळ केला आणि ती तिथेच उभी राहिली.