टोक धरणारे हात

"टेपचं टोक नेहमी तिथे राबणाऱ्याच्या हातात दे. आणि मोजताना तोंड कमी, कान जास्त चालव."

बाबांचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. लेकीला, म्हणजे आमच्या ताईला, पहिल्यांदा कामावर नेलं, तेव्हा ते हे बोलले होते. मित्रांनो, मी त्यांचाच जुना कापडी टेप आहे. गोल चामडी डबी, टोकाला पितळी कडी आणि पोटात तीस मीटर फीत. बाबा घरांची, दुकानांची किंमत ठरवून देणारे मूल्यांकनकार होते. लोक म्हणत, "यांचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ." ते ऐकून मी डबीतल्या डबीत फुगून जाई. पण खरं काय ते बाबाच सांगत: जागेची लांबीरुंदी टेपला कळते, पण तिच्यावर कोणाकोणाचा हक्क आहे, ते त्याला कळत नाही. ते माणसांना विचारावं लागतं.

बाबा देवाघरी गेले. ताईने लाल ठिपक्याचं यंत्र आणलं. ते भिंतीवर रोखलं की क्षणात माप हजर, टोक धरायला कोणी नको. चार वर्षं मी खणात पडून होतो. माझे आकडे पुसट झाले. वाईट वाटलं, पण रुसून कोणाचं भलं झालंय?

मग एका डॉक्टरांनी दवाखान्यासाठी दुमजली इमारत पाहिली आणि किंमत ठरवायला ताईला सांगितलं. तळमजल्यावर एक मावशी वह्या-पुस्तकांची बांधणी करत. घरमालक म्हणाले, "त्या महिनाअखेर जाताहेत. जागा मोकळीच धरा." ताईने भरभर ठिपका फिरवला आणि मोकळ्या जागेची किंमत लिहून कच्चा अहवाल डॉक्टरांना धाडला.

घरी येऊन पाहते तो एक माप जुळेना. ठिपका भिंतीवर नव्हे, कागदाच्या गठ्ठ्यावर पडला होता! तेव्हा कुठे तिने मला बाहेर काढलं आणि परत तिथे नेलं.

मावशींनी सरसाने चिकट झालेल्या बोटांनी माझी कडी धरली.

"घट्ट धरा हं, मावशी."

"धरते की! सोडलं तर माझीच खोली आखडायची."

ताई हसली. मी गठ्ठ्यांमागून भिंतीपर्यंत सरपटत गेलो. ताई सहज म्हणाली, "नवी जागा मिळाली का?"

"कशाला नवी? पंधरा वर्षांचा करार आहे, त्यातली नऊ उरलीत. ही फरशी मी घातली, हा माळा मी केला. आणि हे कापायचं यंत्र बघा, जमिनीत चार बोल्ट मारून बसवलंय. हलवलं तर मोडेल. मग मी काय हातांनी टाळ्या वाजवू?"

त्यांनी पेटीतून करार काढला. रीतसर नोंदवलेला. इमारत विकली तरी मुदत संपेपर्यंत मावशींचा हक्क कायम, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

मित्रांनो, एकाच चार भिंतींवर दोन हक्क होते. मालकी घरमालकांची, पण अजून नऊ वर्षं वापर मावशींचा. डॉक्टर विकत घेणार ती मालकी या करारासकट. तिची किंमत मोकळ्या जागेइतकी कशी धरायची? शिवाय मावशींचं भाडं आजच्या दरापेक्षा बरंच कमी, म्हणजे त्यांच्या हक्कालाही स्वतःची किंमत होती. ताईच्या अहवालात मावशी कुठेच नव्हत्या. तोच कागद पुढे करून त्यांच्यावर निघायला दबाव आणता आला असता.

तेवढ्यात घरमालक दारात आले. "ताई, तुम्ही भिंती मोजा. माणसांचं मी बघतो."

"करार मला का नाही दाखवलात?"

"दोन कागदांचं काय एवढं! तुमचा अहवाल गेलाय ना? आता बदललात तर तुमचंच हसं होईल. पुन्हा कोण बोलावेल तुम्हाला?"

ताईचा चेहरा उतरला. तिने शांतपणे मला गुंडाळलं, कराराचे फोटो काढले. मावशी काही मागत नव्हत्या, नुसत्या यंत्राच्या दांड्यावर हात ठेवून उभ्या होत्या.

"मावशी, उद्या डॉक्टर इसार देणार आहेत, त्याच्या आत त्यांना हा करार मी स्वतः वाचून दाखवते. शब्द देते."

मित्रांनो, नवं यंत्र वाईट नाही. ते वापराच. पण जिथे कोणी राबतं, तिथे क्षणभर थांबा, विचारा, ऐका. भिंत चुकीची मोजली तर पुन्हा मोजता येते. गाळलेल्या माणसाचं तसं नसतं.

सकाळी ताईने देवापुढे हात जोडले. नवा अहवाल आणि कराराची प्रत पिशवीत ठेवली, त्यावर मला ठेवलं. घरमालकांचा फोन दोनदा वाजला. तिने तो उचलला नाही. दार हलकेच ओढून घेऊन ती जिना उतरू लागली आणि पायरीपायरीला एकच वाक्य पुटपुटत राहिली, "डॉक्टर, चूक माझी आहे."