रस्त्याकडचं दार

जुनं टेलिफोन ऑफिस पाडल्यापासून शहराच्या ऐन मध्यावरची ती जागा पडून होती. पत्र्याच्या कुंपणावर जाहिराती चिकटत, फाटत, पुन्हा चिकटत. एखादी मोठी परिषद भरवायची म्हटली की पाहुण्यांना उतरायला खोल्या नाहीत आणि बसायला हॉल नाही. मग परिषद शेजारच्या शहरात जायची आणि इथले दुकानदार हात चोळत बसायचे. नगरपालिकेकडे जागा होती, पण हॉटेल चालवायची अक्कल नव्हती. हॉटेलवाल्यांकडे अक्कल होती, पण भर बाजारात जागा नव्हती. शेवटी दोघांनी मिळून बांधायचं ठरलं. जागा आणि सभागृहाचा खर्च नगरपालिकेचा, वरचं हॉटेल कंपनीचं, आणि दोन्ही चालवायची जबाबदारी कंपनीची.

हे सगळं जमवून आणायचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांना कचेरीत सगळे प्रकल्पबाई म्हणत. बाजारावरचं छप्पर त्यांनीच तडीस नेलेलं, नदीवरचा पूलही. बाईंचा स्वतःवर विश्वास दांडगा. कंत्राटदार त्यांच्या खोलीत शिरताना आधी शर्ट नीट करून घेत.

नकाशे लोकांना बघता यावेत म्हणून कचेरीबाहेर लावले, आणि त्या रविवारी घरी जेवताना ठिणगी पडली.

बाईंचे धाकटे दीर बाजाराच्या कोपऱ्यावर लॉज चालवत. नवीन हॉटेलची बातमी आल्यापासून त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. पाणी हवं असलं तरी भांड्याकडे बोट दाखवत. त्या दिवशी मात्र ते ताटावरून मान वर न करता म्हणाले, "वहिनी, नकाशा बघून आलो."

"मग? कसा वाटला?"

"देखणा आहे. हॉटेल बांधा, माझं पोट मी बघून घेईन. पण सभागृह गावाच्या पैशाचं ना? मग आत जायला वाट हॉटेलच्या लॉबीतून का? तिथल्या गुळगुळीत फरशीवरून, त्या टोपीवाल्या दरवानासमोरून, बाजारातली माणसं जातील असं वाटतं तुम्हाला?"

"भाऊजी, कोणी अडवणार नाहीये त्यांना."

"अडवायची गरजच नाही. ती दारातूनच परत फिरतील."

नवऱ्यानं एकदम वर्तमानपत्र उघडलं. बायको आणि भाऊ यांच्यामध्ये सापडलं की तो नेहमी क्रीडापानात शिरायचा. सासूबाई म्हणाल्या, "खरं बोलतोय तो. मी तर नाही बाई जाणार. माझी चप्पल बघूनच विचारतील, कोणाकडे कामाला?"

बाईंना राग आला, आणि तो जास्त आला कारण बोलणं खरं होतं. तो नकाशा त्यांना तोंडपाठ होता. बाजाराच्या बाजूची सभागृहाची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरी होती आणि ते त्यांच्या कधी नजरेत भरलं नव्हतं. सोमवारी सकाळी त्या भाजीच्या गल्लीत जाऊन उभ्या राहिल्या. हातगाड्या, पोती, उन्हात पाठ शेकत बसलेल्या बायका. इथं ती कोरी भिंत येणार होती. बाईंनी तिथंच ठरवलं, भिंतीत दार हवं. नुसतं दार नाही, चांगलं रुंद, दोन्ही कवाडं उघडणारं दार.

कंपनीच्या वतीनं बोलणी करायला येणाऱ्या गृहस्थांचं आडनाव वेगळंच होतं, पण कचेरीनं त्यांचं नाव गोडबोले ठेवलं होतं. नकार देतानासुद्धा ते समोरच्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्यासारखं बोलत.

"बाई, कल्पना सुंदरच," ते म्हणाले. "पण दोन दारं म्हणजे दोन पहारे, दोन स्वागतकक्ष, आणि कोण आलं कोण गेलं याचा पत्ता नाही. वरच्या पाहुण्यांना शांतता लागते. आमचं मुख्य कार्यालय राजी होणार नाही."

"सभागृह शहराचं आहे. शहराला दार लागतं."

"मग कदाचित आम्हालाच या प्रकल्पाचा फेरविचार करावा लागेल," गोडबोले इतक्या मायेनं म्हणाले की नगराध्यक्षांना अर्थ कळायला क्षणभर लागला. कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. याआधी एक कंपनी अशीच हातची गेली होती. ते बाईंच्या कानाशी लागले, "तुटेपर्यंत ताणू नका हो."

"तुटणार नाही," बाई मोठ्यानंच म्हणाल्या. "उद्या पुन्हा बसू."

गोडबोलेंना मुक्कामाची पंचाईत झाली. विश्रामगृहाला रंग लावत होते आणि बाकीच्या खोल्या कुठल्याशा परीक्षेच्या मुलांनी भरलेल्या. एक लॉज तेवढी मोकळी होती. "ती माझ्या दिरांची आहे, आधीच सांगून ठेवते," बाई म्हणाल्या. "आणि तुमच्या हॉटेलवर ते नाराज आहेत, तेही सांगते."

"मग तर उतरलंच पाहिजे," गोडबोले हसून म्हणाले.

सकाळी ते खाली आले तर लॉजच्या पुढच्या मोठ्या खोलीत शिंप्यांची बैठक चाललेली. माणसं रस्त्यावरून थेट आत येत होती, चपला उंबऱ्याशी, बोलणं जोरात. ती उठली तशी शिक्षकांची पतपेढी येऊन बसली. गोडबोले जातिवंत हॉटेलवाले. चहाचा कप हातात तसाच ठेवून बघत राहिले. मग गल्ल्यावर जाऊन त्यांनी विचारलं, "हे रोज असतं?"

दिरांना कळत होतं की हा माणूस कोण आणि का विचारतोय. "असतं कधीमधी," एवढं म्हणून त्यांना वेळ मारून नेता आली असती. पण ते म्हणाले, "रोज. वरच्या खोल्या पावसाळ्यात रिकाम्या पडतात, ही खोली कधीच नाही. लॉज तरली ती हिच्यावर."

"काय कारण?"

"दार रस्त्यावर आहे. कोणाला विचारून आत यावं लागत नाही."

बैठकीत गोडबोलेंनी नकाशा स्वतःच उलगडला. बाजाराच्या बाजूला पेन्सिलीनं दार काढलेलं होतं, आणि स्वयंपाकघर मागं सरकवलेलं, म्हणजे हॉटेल आणि सभागृह दोन्हीकडे एकदम जेवण वाढता येईल. "पहारा एकच ठेवू, मधल्या मार्गिकेत," ते म्हणाले. "ज्या महिन्यांत परिषदा नसतात, तेव्हा हा हॉल तुमचं शहर भरेल. मुख्य कार्यालयाला मी पटवतो. हे मला कोणी शिकवलं ते मात्र त्यांना सांगणार नाही."

नगराध्यक्षांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बाईंनी विचारलं, कोणी शिकवलं? गोडबोलेंनी लॉजचं नाव घेतलं आणि बाईंचा जिंकल्याचा आनंद ओसरला. त्या सरळ लॉजवर गेल्या.

"भाऊजी, काय केलंत हे? तुमच्या पुढच्या खोलीचं गिऱ्हाईकच तुम्ही त्यांच्या हवाली केलंत. दार मी मागत होते, पण हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

"माझ्या आलं होतं," दीर चादरींच्या घड्या घालत म्हणाले. "पण दाराचा विषय काढला कोणी? मीच. मग त्यानं तोंडावर विचारल्यावर खोटं बोलू? आणि वहिनी, मी एवढा लेचापेचा वाटलो का तुम्हाला? ज्याला पाचशे माणसं बसवायचीत तो तिकडे जाईल. ज्याला पंधरा माणसांत भांडायचंय तो माझ्याकडेच येईल. तिकडे भांडायची लाज वाटेल त्याला."

बाईंनी चादरीचं दुसरं टोक धरलं. पुष्कळ दिवसांनी दोघं मोकळेपणानं बोलले, बहुतेक वेळ बाईंच्या नवऱ्याबद्दलच.

इमारत उभी राहिली. शिक्षकांची पतपेढी दिरांना सोडून गेली, ते त्यांना लागलंच. शिंपी राहिले. आणि डॉक्टरांची पहिली मोठी परिषद भरली तेव्हा हॉटेल पुरलं नाही. उरलेले डॉक्टर लॉजवर आले आणि गरम पाण्यावरून तक्रारी करत राहिले. दिरांनी नवे बंब बसवले आणि भाडं वाढवलं.

डॉक्टर गेले त्याच आठवड्यात भाजीवाल्यांच्या संघटनेची वार्षिक सभा होती. बाई कामाचं निमित्त काढून गेल्या. दाराची दोन्ही कवाडं उघडी होती आणि गल्लीतला गलका जसाच्या तसा आत आला होता. हॉल भरून वाहत होता. व्यासपीठावर नगराध्यक्ष होते, गोडबोले होते. बाईंची खुर्ची ठेवायला कोणाला सुचलं नव्हतं. त्या शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. तेवढ्यात हातातली टोपली सांभाळत एक बाई घाईघाईनं आत आली, इकडंतिकडं न बघता थेट त्यांच्यापाशी, आणि म्हणाली, "अगं, जरा सरक की तिकडं."

प्रकल्पबाई सरकल्या.